बुडणाऱ्या सरकारी कोळसा कंपनीसाठी सल्लागार: गरज की उधळपट्टी?

डिचोलीकर
न्यूझीलंडच्या सॉलिड एनर्जीचं प्रकरण वाचतोय. सरकारी मालकीची कोळसा कंपनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये सरकारने जाहीर केलं की कर्ज ३८.९ कोटी डॉलरवर (त्यांचे डॉलर) गेलंय आणि बँकांशी बोलणी चालू आहेत. मग बाहेरचे सल्लागार आले, बिलं जनतेच्या पैशातून. आता मला सांगा, कंपनी सरकारची, बोर्ड सरकारनेच नेमलेलं, चांगल्या वर्षांत लाभांश सरकारनेच घेतला, अर्थखात्यात अशा कंपन्यांवर लक्ष ठेवायला पगारी अधिकारी आहेत, एवढं सगळं असताना कंपनी बुडतेय हे कळायला बाहेरची माणसं का लागतात? मला तरी हे पटत नाही.

फोंड्याचा सीए
डिचोलीकर, बुडतेय हे सगळ्यांना कळलेलंच होतं हो, प्रश्न होता बँकांसमोर बसायचा. बँकांकडे वसुलीत मुरलेले वकील असतात, त्यांच्यापुढे साध्या अधिकाऱ्याला बसवलं तर सगळा तोटा सरकारच्या गळ्यात पडतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जो तोडगा निघाला त्यात बँकांना साडेसात कोटींचं कर्ज शेअर्समध्ये बदलून घ्यावं लागलं. सल्लागाराची फी त्यापुढे किती?

डिचोलीकर
आणि त्याच तोडग्यात सरकारने स्वतः १५.५ कोटींपर्यंत द्यायची तयारी दाखवली, ते पण सांगा ना. एवढं करून ऑगस्ट २०१५ मध्ये कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेलीच!

मुरगावकर
पण भाव कोण सावरणार होतं? २०११ मध्ये स्टील कारखान्यांचा कोकिंग कोळसा टनाला ३३० अमेरिकन डॉलरवर गेलेला, २०१५ मध्ये शंभराच्या खाली आला. हे कुठल्याच सल्लागाराच्या हातात नाही आणि अधिकाऱ्याच्या पण नाही. दोष द्यायचा तर भाव वर असताना लिग्नाइटपासून (हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा) युरिया, ब्रिकेट (दाबून केलेल्या कोळशाच्या विटा), जैवइंधन असले उद्योग मांडून बसले त्यांना द्या.

सांग्याची सून
मला या दोन्ही बाजूंत एक माणूस दिसतच नाही, खाणीत उतरणारा. २०१२ मध्ये कंपनीची स्प्रिंग क्रीक खाण थांबवली, शेकडो लोक घरी बसले, त्यांना कोणी विचारलं होतं का की काय चुकतंय? आणि स्टॉकटनची खाण बघा, २०१७ मध्ये दुसऱ्यांनी विकत घेतली आणि त्यानंतरही कोळसा निघतच राहिला. म्हणजे खाण चालण्यासारखी होती, कंपनी चालवणारे चुकले. हे तिथला शिफ्टवरचा फोरमन फुकटात सांगू शकला असता.
आमच्या गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, नंतर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केली, दारात उभ्या ट्रकचे टायर सडले तरी त्याच्या कर्जाचा हप्ता चुकला नाही. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचं गाळप २०१९-२० च्या हंगामापासून बंद, ऊस लावणाऱ्याला कोण विचारतो?

फोंड्याचा सीए
बाई, तुमचं दुःख खरं आहे, पण फोरमन खाण सांगेल, कर्जाच्या करारातली कलमं नाही सांगणार. दोन्ही लागतात. आणि संजीवनीत तर मी म्हणेन बाहेरच्या जाणकाराला वेळेवर बोलावलं असतं तर यंत्रं इतकी जुनी होऊ दिली नसती.

सांग्याची सून
यंत्रं जुनी झाली हे धारबांदोड्यात प्रत्येक ऊसवाला ओरडून सांगत होता, ऐकलं नाही हा प्रश्न आहे.

डिचोलीकर
सीएसाहेब, बँकांपुढे बसायला तज्ज्ञ वकील लागतो हे मी मान्य करतो, त्याची फी द्या. पण कंपनीचं काय करायचं यावर अहवाल लिहून घेतला तर तो अहवाल, काम काय दिलं होतं आणि बिल किती, हे सगळं पैसे देणाऱ्या जनतेसमोर ठेवायला काय हरकत?

फोंड्याचा सीए
बोलणी चालू असताना ठेवलं तर बँका तोच कागद घेऊन समोर बसतील. करार झाल्यावर ठेवा, माझी काहीच हरकत नाही.

सांग्याची सून
करार झाल्यावर ठेवा म्हणता, तोपर्यंत घरी बसलेल्यांनी खायचं काय?