विषय: लंडनच्या ओ-टू अरिनातल्या गाण्याच्या कार्यक्रमाची ३४ तिकिटं, लेव्हल १ कुणाला?

खजिनदार:
मंडळी, तिकिटं आली. २६ लेव्हल ४ ची, म्हणजे अगदी वरची, ८ लेव्हल १ ची, म्हणजे खालची. सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं होतं हे मला माहीत आहे, पण विक्री उघडून सहा मिनिटं झाली नाहीत तोवर एका जागी ३४ उरलीच नव्हती. दिसली ती घेतली. लेव्हल १ महाग आहे, फरक ज्याचा त्याने द्यायचा. आठातली पाच नाट्यसमितीने सांगून ठेवली आहेत. उरलेल्या तिनांसाठी गुरुवारपर्यंत कळवा.

पिनरच्या वहिनी:
"सांगून ठेवली" म्हणजे कुणाला आणि कधी? इथे तर काही आलं नाही. आमच्या सासूबाई आणि स्लाउचे नाना, दोघांच्याही हातात काठी आहे. लेव्हल ४ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: लिफ्ट आणि सरकते जिने लेव्हलपर्यंत नेतात, तिथून आपल्या ओळीपर्यंत नुसत्या पायऱ्या. गेल्या खेपेला मी टाळ्या वाजवायला उभी राहिले आणि तशीच खाली बसले. पुढच्या माणसाच्या टकलावर जाऊन पडेन असं वाटत होतं.

नाट्यसमिती:
वहिनी, खजिनदारांशी फोनवर बोलणं झालं होतं. एकांकिकांच्या वेळी नेपथ्याच्या पेट्या तीन मजले चढवल्या तेव्हा आमच्या गुडघ्यांची चौकशी कुणी केली नव्हती. तरी एक तिकीट नानांना देऊ. बाकीच्यांसाठी लेव्हल २ किंवा ३ मध्ये बदलून मिळतात का बघा, मधलं काहीतरी.

हॅरोचे अण्णा:
लेव्हल २ आणि ३ ला कंपन्यांचे बॉक्स आहेत. नाट्यसमितीची कुणा बँकेच्या चेअरमनशी ओळख असेल तर प्रश्नच मिटला.

लेव्हल ४ ला शिव्या देण्यापूर्वी थोडं ऐका, ही कामं मी जन्मभर केली आहेत. वीस हजार माणसं एका छपराखाली बसवायची आणि शेवटच्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून स्टेज दिसायला हवं. उपाय दोनच. ओळी मागे मागे सरकवत नेल्या तर गायक मुंगीएवढा होतो. वर वर रचत नेल्या तर वहिनींना चक्कर येते. म्हणून जितकं वर जाल तितका चढ वाढतो.

शिवाय हा अरिना आधीच उभ्या असलेल्या मिलेनियम डोमच्या पोटात बांधला आहे. आत क्रेन उभारून छप्पर चढवायला जागा नव्हती, म्हणून ते जमिनीवर जोडलं आणि जॅक लावून वर उचललं. ३६५ मीटर व्यासाचा तंबू, बारा पिवळे खांब बाहेर डोकावतात आणि आत हे बाळंतपण. २००७ मध्ये उघडल्यावर पहिल्या महिन्यात मी फक्त छत बघायला गेलो होतो. गाणं कुणाचं होतं ते आठवत नाही.

क्रॉयडनचा ध्वनिवाला:
अण्णा, "तंबू" म्हणा, पण कापड साधं नाही. काचतंतूंचं विणकाम, वर टेफ्लॉनचा लेप. २०२२ च्या फेब्रुवारीत युनिस वादळाने फाडलं तेच.

आणि वर आवाज वाईट येतो हा गैरसमज आहे. स्पीकरची माळ छतापासून टांगतात आणि तिच्यातले वरचे डबे थेट वरच्या ओळींवर रोखलेले असतात. उलट लेव्हल १ ला स्टेजच्या अगदी बाजूला बसलात तर माळेचा आवाज डोक्यावरून जातो. ती आठ तिकिटं कुठल्या ब्लॉकची आहेत? पैसे मोजून वाईट ऐकायचं असेल तर खुशाल घ्या.

ईलिंगच्या ताई:
आवाजाचं म्हणाल तर अल्बर्ट हॉल. तिथे पूर्वी घुमून एक गाणं दोनदा ऐकू यायचं म्हणत, मग १९६९ मध्ये छताला त्या मोठ्या छत्र्या लावल्या. १९७४ ला लतादीदी तिथे गायल्या तेव्हा आम्ही अगदी वर होतो. लग्नाला चार महिने झाले होते, खालची तिकिटं परवडत नव्हती. आमच्या ह्यांनी शेजारच्या माणसाची दुर्बीण मागून घेतली आणि मध्यंतरापर्यंत मला दिली नाही. ते अजून कबूल करत नाहीत. मंडळाने ह्या खेळांच्या मैदानांत जायचंच कशाला?

नाट्यसमिती:
ताई, अल्बर्ट हॉलमध्येही टेनिस होतं.

पिनरच्या वहिनी:
आणि ओ-टूत २०१२ च्या ऑलिंपिकला जिम्नॅस्टिक्स होतं. आमची धाकटी घेऊन गेली होती. तेव्हा प्रायोजकांच्या नियमामुळे नाव बदलून नॉर्थ ग्रीनिच अरिना केलं होतं. एक रिक्षा, सॉरी, मिनीकॅबवाला आम्हाला भलतीकडेच घेऊन निघाला होता. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पाच तिकिटं कुणी ठरवली?

खजिनदार:
मी. चूक झाली. आठही पुन्हा यादीवर. वय किंवा पाय, ह्या क्रमाने. नाट्यसमितीने रागावू नये.

दुसरं म्हणजे कार्यक्रम रविवारी आहे. परतीचं ज्याने त्याने बघावं, रात्रभर चालणारी नाइट ट्यूब आहेच.

हॅरोचे अण्णा:
रविवारी नाइट ट्यूब नाही! फक्त शुक्रवार आणि शनिवारची रात्र. आणि मेट्रोपॉलिटन लाइनवर तर कधीच नाही, म्हणजे हॅरो-पिनरवाल्यांनी वेम्बली पार्कला गाडी बदलायची वेळ आधीच बघून ठेवा. कार्यक्रम संपल्यावर वीस हजार माणसं एकाच स्टेशनात शिरतात, बाहेर रांग लावतात. शेवटचं गाणं सोडून निघणार असाल तर ओळीच्या टोकाची खुर्ची मागा.

स्लाउचे नाना:
माझ्यावरून भांडू नका. काठी मी ट्यूबमध्ये कुणी उठून जागा द्यावी म्हणून बाळगतो, देतात बिचारे. मला लेव्हल ४ चालेल. टोकाची खुर्ची द्या आणि शेजारी अण्णा नकोत, ते छताबद्दल बोलत राहतील. परतीला मी कॅनरी व्हार्फला एलिझाबेथ लाइन धरेन, थेट घरी. वहिनींच्या सासूबाईंना मात्र खालीच बसवा. आणि पायऱ्या नसलेल्या जागांसाठी अरिनाचं वेगळं बुकिंग असतं, पुढच्या वेळी आधी तिथे फोन करा.

पिनरच्या वहिनी:
नाना, थँक यू. सासूबाईंनी तुमची काठीची युक्ती वाचली, हसतायत.

मग राहिलं एकच. सगळी ३४ खजिनदारांच्या फोनवर आहेत ना? म्हणजे ते येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी दारात उभं राहायचं? गेल्या वेळी ते पहिलं गाणं झाल्यावर आले होते.

खजिनदार:
दोनच मिनिटं उशीर झाला होता. प्रत्येकाला त्याचं तिकीट पाठवतो. ईमेल पत्ता मला एकट्याला कळवा, कृपया सगळ्यांना नको. बॅग ए-४ कागदापेक्षा मोठी नको, हे तिसऱ्यांदा सांगतोय.

ईलिंगच्या ताई:
सर्वांना उत्तर देतेय कारण एकट्याला कसं पाठवायचं ते सापडत नाही. माझा पत्ता तुमच्याकडे आहेच. आमचे हे म्हणतायत, दुर्बीण बॅगेत चालते का?