सांवेरची अडीच हेक्टर: ठिबक, गांडूळखत, सेंद्रिय गट. आधी कशाला हात घालावा?

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर तहसिलीत वडिलोपार्जित जमीन आहे. खसऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीत) २.५३ हेक्टर, म्हणजे साधारण दहा बिघे. खातं अजून वडिलांच्याच नावावर आहे. ते आता नाहीत, वारस आम्ही दोघे भाऊ. खरिपाला सोयाबीन, रब्बीला लसूण आणि थोडा बटाटा. ५ एचपीची ट्यूबवेल, गोठ्यात दोन म्हशी, दोन गाई.

तीन कामं मनात आहेत: लसणाला ठिबक, शेणाचं गांडूळखत, आणि पुढे सेंद्रिय प्रमाणपत्र. योजनांची नावं वाचून डोकं भणभणलंय. डीलर म्हणतो, "आत्ता माल उचला, लागण करून टाका, अनुदानाचं मी बघतो." उचलू का? आणि या तिन्हींत क्रम काय ठेवावा?

हल्का नंबर सात

माल उचलू नका. अर्ज, मंजुरीचा आदेश, मग खरेदी, मग तपासणी, मग खात्यात पैसे, हा क्रम सरकार बदलत नाही. बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची निघाली की प्रकरण तिथेच संपतं. डीलरचा माल मात्र विकला गेलेला असतो, त्यामुळे त्याला घाई आणि तुम्हाला भुर्दंड.

पण तुमचं पहिलं काम ठिबक नाही, तहसील आहे. खातेदार हयात नसेल तर त्या खसऱ्यावर कोणताही अर्ज पुढे सरकत नाही. फौती नामांतरण (मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावं चढवणं) करून घ्या: मृत्यू प्रमाणपत्र, सगळ्या वारसांची यादी, खसरा व बी-१ (खात्याचा उतारा) च्या नकला, ऋण पुस्तिका (जमीन व कर्जाच्या नोंदींची). बहिणी असतील तर त्यांचीही नावं वारसांत येतात. ती गाळून अर्ज केला तर हरकत येते आणि प्रकरण लांबतं.

नामांतरणावर थांबू नका, बंटवाराही (खात्याची वाटणी) करून घ्या. कारण साधं आहे. 'पर ड्रॉप मोअर क्रॉप' या ठिबक-तुषार अनुदान योजनेत लघु व सीमांत शेतकऱ्याला मान्य खर्चाच्या ५५ टक्के मिळतात, इतरांना ४५. लघु म्हणजे २ हेक्टरपर्यंत. २.५३ हेक्टर एका नावावर असेल तर तुम्ही 'इतर'. दोघांची खाती वेगळी झाली की प्रत्येकी १.२६ हेक्टरच्या आसपास, म्हणजे दोघेही लघु. नकाशात तरमीमही (वाटणीप्रमाणे हद्दीची दुरुस्ती) पाहून घ्या. खसरे दोन झाले आणि नकाशावर तुकडा एकच राहिला, तर तपासणीला आलेला माणूस विचारणारच की ही नळी कोणाच्या जमिनीत आहे.

आता आपल्या मराठी घरांतली हमखास अडचण. खसऱ्यावर 'वसंतराव', आधारवर 'वसंत', समग्रमध्ये (मध्य प्रदेशच्या कुटुंब-ओळख नोंदीत) वडिलांचं नाव मधे घातलेलं, बँकेत आडनाव आधी. माणसाला चारही एकच दिसतात, पोर्टलला दिसत नाहीत. समग्रचं ई-केवायसी, आधारला जोडलेलं बँक खातं, खसऱ्याशी आधार जोडणी आणि फार्मर आयडी, हे सगळं एकाच नावाने असू द्या. आधार शक्यतो प्रमाण धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. खसऱ्यातलं नाव दुरुस्त व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज नामांतरणाबरोबरच टाका.

अर्ज कुठे, हेही लोक चुकतात. लसूण, बटाटा, भाजीपाल्याचं ठिबक उद्यानिकी (फलोत्पादन) विभागाकडे, त्यांच्या एमपीएफएसटीएस या अनुदान पोर्टलवर. सोयाबीन-गव्हासाठी स्प्रिंकलर कृषी विभागाकडे, ई-कृषि यंत्र अनुदान पोर्टलवर, आणि तिथे सोडत निघते. दोन्हीकडे जिल्ह्याचं लक्ष्य आलं की अर्ज उघडतात, लक्ष्य भरलं की बंद. म्हणून कागद आधीच तयार हवेत.

ठिबकवाला

कागद वरच्या प्रतिसादात आलेच आहेत, मी पाण्यावर येतो.

लसणाला ठिबकच हवं का, हा प्रश्न आधी विचारा. लसणाच्या ओळी १५ सेंटीमीटरवर असतात. काळ्या जमिनीत ओल आडवी चांगली पसरते हे खरं, तरी नळी ६० सेंटीमीटरवर एक टाकावीच लागते. एकराला ४,०४७ चौरस मीटर, भागिले ०.६, म्हणजे सुमारे ६,७५० मीटर नळी. तीच १.२ मीटरवर टाकली असती तर निम्मी लागली असती. ड्रिपर ४० सेंटीमीटरवर, २ लिटर ताशी धरला तर एकराला सुमारे १६,९०० ड्रिपर आणि तासाला ३३,७०० लिटर पाणी.

तुमची मोटर किती देते ते ड्रमने मोजा. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर तासाला १८,००० लिटर. पण उघड्या तोंडाशी मोजलेलं पाणी दाबाखाली तेवढं येत नाही, ८० टक्के धरा, म्हणजे १४,४००. याचा अर्थ एका एकराचे तीन भाग आणि तीन व्हॉल्व्ह. डीलरच्या आराखड्यात एकच व्हॉल्व्ह असेल तर शेवटच्या ओळींना पाणी पोचणार नाही, आणि लसूण टोकाला बारीक राहील. १६ एमएमची नळी एका दिशेला ५०-६० मीटरच्या पुढे नेऊ नका. शेत लांब असेल तर सबमेन (नळ्यांना पाणी देणारा पाइप) मधोमध घ्या.

दुसरा पर्याय मिनी स्प्रिंकलर. ८ बाय ८ मीटरवर एकराला ६३ नग, अनुदान त्यालाही आहे, आणि दाट पिकाला तो स्वस्त पडतो. तोटा असा की पान ओलं राहतं आणि ढगाळ हवेत करपा वाढतो. म्हणून पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. काढणीच्या १०-१५ दिवस आधी पूर्ण बंद, नाहीतर गड्डा साठवणीत टिकत नाही. बटाटा सरीवर असतो, त्याला ठिबक नीट जुळतं. माझं मत: बटाट्याला ठिबक, लसणाला मिनी स्प्रिंकलर.

फिल्टरवर कंजुषी करू नका. ट्यूबवेलमधून रेती येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी फिरवून रेती वेगळी करणारा), मग स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर. तळ्याचं किंवा उघड्या विहिरीचं पाणी असेल तर वाळूचा फिल्टर हवाच, शेवाळ स्क्रीनला जुमानत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबाचं घड्याळ लावा. दोन्हींत ०.५ किलोपेक्षा जास्त फरक दिसला की फिल्टर धुवा. माळव्यातल्या बऱ्याच ट्यूबवेलचं पाणी जड, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. हंगामात एकदा आम्ल प्रक्रिया: पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास येईल एवढं आम्ल सोडायचं, रात्रभर नळ्यांत ठेवायचं, सकाळी टोकं उघडून धुऊन काढायचं. पाण्यात आम्ल ओतायचं. आम्लात पाणी ओतलं तर ते अंगावर उडतं.

भारतीय मानकाचे (आयएस) शिक्के पाहून माल घ्या: साध्या लॅटरलवर (ड्रिपर बाहेरून लावायच्या नळीवर) आयएस १२७८६, ड्रिपर आतच असलेल्या इनलाइन नळीवर आयएस १३४८८, स्क्रीन फिल्टरवर आयएस १२७८५. शिक्का नसला तर तपासणीत नापास. आणि तपासणीच्या दिवशी नळ्या शेतात पसरलेल्या असाव्यात. गुंडाळ्या बांधावर ठेवून काढलेला फोटो चालत नाही.

५५ टक्के कशाचे, तेही समजून घ्या. सरकारने धरलेला मान्य खर्च १ लाख आणि तुमचं बिल १ लाख ३० हजार झालं, तर मिळणार ५५ हजार. खिशातून ७५ हजार. प्रत्यक्षात अनुदान ४२ टक्के पडलं. शिवाय त्या तुकड्यावर पुढची ७ वर्षं पुन्हा मिळत नाही, तेव्हा आराखडा घाईत करू नका.

राजेंद्रनगरकर

मनापासून आभार. बहिणी नाहीत, भाऊ पुण्याला असतो. बंटवारा होईपर्यंत त्याच्या संमतीपत्रावर काम भागेल का? आणि गांडूळखताचं पक्कं युनिट बांधावं की नाही?

हल्का नंबर सात

नामांतरण झाल्यावर सहखातेदार म्हणून संमतीपत्रावर अर्ज होतो, पण क्षेत्र तुमच्या हिश्श्याचंच धरा. भावाला बंटवाऱ्यासाठी एकदा यावं लागेल, ते दिवाळीच्या सुट्टीत जमवा.

कुटार आणि शेण

दादा, पक्कं युनिट बांधू नका. हिशेब असा. दोन म्हशी, दोन गाईंचं शेण रोजचं ५० किलोच्या आसपास, म्हणजे महिन्याला १५ क्विंटल. उद्यानिकीच्या निकषातलं पक्कं युनिट ३० बाय ८ बाय अडीच फुटांचं, म्हणजे ६०० घनफूट. ते भरायलाच तुम्हाला सहा महिने लागतील, तोवर एक टोक वाळेल आणि दुसरं सडेल. १२ बाय ४ बाय २ फुटांचे एचडीपीई (जाड प्लास्टिकचे) बेड घ्या, आयएस १५९०७ चा शिक्का असलेले. खर्चाच्या निम्म्याइतकं अनुदान त्यालाही आहे. तुमच्या शेणावर तीन बेड आरामात चालतात.

भरताना तळाला ३-४ इंच कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा पालापाचोळा, वर १५-२० दिवस मुरलेलं शेण, ८ ते १० क्विंटल. ताजं शेण घातलं की आतून तापतं आणि गांडुळं एक तर मरतात, नाहीतर कडेने पळतात. अपयश येतं ते बहुतेक इथेच. हात घालून पाहा, कोमट लागलं तरी थांबा. मग बेडला ३-४ किलो आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं सोडा. ओल मुठीत दाबल्यावर थेंब टपकणार नाही, पण मूठ ओली होईल एवढी. एप्रिल-मेत आपल्याकडे ४२ अंश होतं, तेव्हा छप्पर आणि वरून ओली पोती लागतातच. खत साधारण ६० ते ७५ दिवसांत तयार. काढण्याआधी ४-५ दिवस पाणी तोडा, वरचा ढीग करा, गांडुळं आपोआप खाली जातात. बेडमध्ये मुंग्या शिरू नयेत म्हणून बेडच्या कडेने राखेची रेघ किंवा पाण्याची चर ठेवा.

जाता जाता: ज्या गावात १९२४ साली सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी संशोधन संस्था काढली आणि यशवंत वाड यांच्यासोबत 'इंदूर पद्धत' बसवली, तिथली माणसं कंपोस्टच्या पिशव्या विकत आणतात, हे पाहून गंमत वाटते. कुटार, शेण, गोठ्यातली मुतारी माती आणि राख यांचे थर, तीनदा पलटी, तीन महिन्यांत खत. त्याला ना मंजुरी लागते ना तपासणी. उरलेलं सोयाबीनचं कुटार तिकडे घाला.

सेंद्रियाचं सांगते. 'परंपरागत कृषी विकास योजना' (सेंद्रिय शेतीची केंद्राची योजना) एकट्याची नाही, २० हेक्टरचा समूह लागतो. तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणन, विक्री यांत जातात, ते हातात येतील ही अपेक्षा ठेवू नका. 'राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान' २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालं, त्यात ५० हेक्टरचा समूह, १२५ शेतकरी आणि गावपातळीवर कृषी सखी (शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणारी प्रशिक्षित महिला). तिथे एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं. तुमच्या गावात यांपैकी कोणता समूह बसतोय ते ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्याला विचारा. एकाच तुकड्यावर एकाच कामाचे दोनदा पैसे नाहीत.

पीजीएस (शेतकरी गटानेच एकमेकांना द्यायच्या) सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, ते एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. हंगामी पिकाला रूपांतराचे २४ महिने, तोवर 'पीजीएस ग्रीन'. गट कुठे फसतो? बुरशीनाशक चोळलेलं सोयाबीनचं बियाणं पेरतो, शेजाऱ्याकडून तणनाशकाचा फवारा पंप मागून आणतो, नाहीतर शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्याने येतो आणि बांधावर रिकामा पट्टा सोडलेला नसतो. एकाचं चुकलं की इतरांच्या मालावरही प्रश्न येतो. बाहेरदेशी माल पाठवायचा असेल तर पीजीएस चालत नाही, एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) त्रयस्थ प्रमाणपत्र लागतं, ते महाग आहे. तुमच्या क्षेत्राला ते परवडणार नाही असं मला वाटतं.

प्रात्यक्षिक पाहायचं असेल तर कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

ओव्हरड्राफ्ट

पैशाची बाजू थोडक्यात. अनुदान मागाहून येतं, पण डीलरला पैसे आधी द्यावे लागतात. ती मधली रक्कम कुठून येणार, हे अर्जाआधी ठरवा. ठिबकासाठी कृषी इन्फ्रास्ट्रक्चर फंड कोणी सुचवला तर ऐकू नका, तो मुख्यतः साठवण, प्रतवारी, प्राथमिक प्रक्रिया यांसाठी आहे. लसूण-बटाट्याची साठवण बांधायची झाली तर मात्र पाहा: २ कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट, जास्तीत जास्त ७ वर्षं. १२ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी साधारण ३६,०००. कर्जवाटपाची मुदत वाढवून २०२५-२६ पर्यंत केली होती, म्हणून मुदतीचं बँकेत आधी विचारून घ्या.

चिप्स, लसणाची पूड असं काही काढायचं असेल तर पीएमएफएमई (लहान अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना): ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. इंदूरसाठी 'एक जिल्हा एक उत्पादन' बटाटाच आहे. अनुदान हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं वेगळं राहतं, त्यावर व्याज लागत नाही, आणि कर्ज नियमित असेल तरच वळतं होतं. दोन हप्ते चुकवून "अनुदान कुठे गेलं" म्हणत शाखेत येणारे पुष्कळ. जिल्हा रिसोर्स पर्सन अर्ज भरून देतो, त्याचं मानधन सरकार देतं. त्याने वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

राजेंद्रनगरकर

आता डीलरला काय सांगू?

ठिबकवाला

लेखी कोटेशन मागा, सुटं सुटं: नळीचे मीटर, ड्रिपरचं अंतर, व्हॉल्व्ह किती, फिल्टर कोणता, प्रत्येकाचा आयएस क्रमांक आणि दर. सोबत तुमच्या शेताच्या मापावर काढलेला आराखडा. त्याची कंपनी उद्यानिकीच्या नोंदणीत आहे का, तेही विचारा. हे द्यायला तयार नसेल तर दुसरा डीलर पाहा, बाजारात कमी नाहीत.