मनगट दुखतंय, उभा माउस की ट्रॅकबॉल?

दिवसभर एक्सेल असतं, लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर सेल ड्रॅग करून करून मनगट आणि अंगठा भरून येतो. उभा माउस घेऊ की ट्रॅकबॉल (जागेवर ठेवून नुसता वरचा गोळा फिरवायचा माउस)?

— उभा माउस घे. साध्या माउसवर तळहात पालथा राहतो, कोपराखालच्या दोन हाडांना पीळ बसतो, उभ्यात हात शेकहँडसारखा राहतो. पण दुकानात धरून बघ, लहान हाताला मोठा माउस म्हणजे बोटं ताणून क्लिक करायचं, दुखणं तसंच.

— अंगठा आधीच दुखतोय तर अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल अजिबात नको, बोटांनी फिरवायचा मिळतो तो बघा. पॉइंटर स्पीडही वाढवा.

— ड्रॅग करताच कशाला? कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण एकदम दाबा, डेटा संपेपर्यंत कॉलम सिलेक्ट होतो.