मदत हवी आहे: आईला केंद्रात खुर्चीला बांधतात. हलवू का?

रानजाई:
आई ७८, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). चार महिन्यांपूर्वी पुण्यातल्या वृद्धांच्या एका केंद्रात ठेवलं. परवा न सांगता गेले तर ओढणीने खुर्चीला बांधलेली. तिथल्या कामवाल्या मावशी म्हणतात, "आजी मुद्दाम करतात, नाटकं आहेत." मॅनेजर म्हणतो, पडू नये म्हणून. हलवू का? लवकर सांगा, शनिवारी पुढच्या महिन्याचे पैसे भरायचेत.

कडूलिंब:
मुद्दाम म्हणजे काय करतात? कधी? औषधं कोणती? काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

अप्पा_वाईकर:
ब्राह्मीघृत सुरू करा. आमच्या आत्याला गुण आला. आणि घरी का नाही ठेवत?

रानजाई:
अप्पा, तो विषय नको. दहा तास ऑफिसात असते, भाऊ दुबईला.
कडूलिंब, पाच वाजले की पर्स काखोटीला मारून दाराशी. "वह्या तपासायच्या राहिल्यात." ३१ वर्षं शिक्षिका होती. अडवलं की चावते. रात्रीची गोळी सुरू केलीय, क्वेटि... काहीतरी.

बिनपगारी:
आमच्या सासूबाई बँकेत होत्या. जुन्या स्लिपा आणि रबरी शिक्का पुढ्यात ठेवला की तासभर ठप्पे मारत बसायच्या. तुमच्या आईला "शाळा सुटली आजी, बसा गप" म्हटलं की भांडण ठरलेलं. वह्या आणि लाल पेन देऊन बघा.

पांढरी_टोपी:
अशा केंद्रात नऊ वर्षं काढलीत. रात्री १८ जणांना आम्ही दोघी. हा आजार आहे, हट्ट नव्हे, हे मलाच तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोवर मीही "नाटक"च म्हणायचे.

कडूलिंब:
म्हणून बांधायचं?

पांढरी_टोपी:
बांधा म्हटलंय का मी? नीट वाचा.

हिशेबी:
जुन्या करप्रणालीत असाल तर अटी पूर्ण झाल्यास आयकरात डिमेन्शियाच्या उपचारखर्चाची वजावट मिळते. ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत.

कडूलिंब:
इथे कर कुठून आला?
रानजाई, गोळी क्वेटियापिन (मनोविकारावरचं औषध) असेल तर कुणी लिहून दिली ते विचारा. डिमेन्शियाच्या वृद्धांना या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २००५ सालीच दिलाय. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

पांढरी_टोपी:
हे पहिल्यापासून असंच, की हल्ली वाढलंय?

रानजाई:
दहाएक दिवसांत. आधी नुसती दाराशी उभी राहायची. पाणी पीत नाही, लघवीला बसली की ओरडते. मावशी म्हणाल्या, तेही नाटकच.

पांढरी_टोपी:
अहो, हे आधी सांगायचं ना! उद्याच लघवी तपासा, कल्चरसकट (कोणते जंतू आहेत ते कळतं), आणि डॉक्टरांना दाखवा. या वयात लघवीच्या संसर्गाने ताप न येताही माणूस एकदम बिथरतो.

रानजाई:
आत्ता फोन केला. मॅनेजर म्हणे, "सोमवारी बघू." सकाळी मीच डबी घेऊन जातेय. लाल पेनही घेतलंय.

सदाशिव_पेठी:
तिथे महिन्याला किती घेतात? सासऱ्यांसाठी बघतोय.