निनाद कॅलगरीत घर घेतोय, आणि तिकडे वेगळं होण्याच्या सह्या

वंदना (सी-३०१): नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, सेक्रेटरींनी रागवू नये. निनाद कॅलगरीत घर बघतोय. पण अल्बर्टा प्रांताने कॅनडातून वेगळं व्हावं म्हणून तिकडे सह्या गोळा केल्या जातायत. हे म्हणतात, जरा थांब म्हणावं त्याला. नाना, तुम्ही आयुष्यभर बँकेत होतात, तुम्हाला काय वाटतं?

कुलकर्णी (बी-१०३): *फॉरवर्डेड* स्पेनमधल्या कॅटलोनियाने २०१७ मध्ये स्वातंत्र्याला मत दिलं आणि ३००० कंपन्या रातोरात पळाल्या!! कारखाने बंद, लोक रस्त्यावर!! सगळ्या ग्रुपवर पाठवा 🙏

ऋचा (ए-४०२): कुलकर्णी काका, कंपन्या हलल्या हे खरं, आकडाही तीन हजारांच्या वरच आहे. पण हलला तो नोंदणीचा पत्ता. १ ऑक्टोबरला मतदान झालं आणि त्याच आठवड्यात सबादेल बँकेने पत्ता अलिकांतेला नेला, काईशाबँकने व्हॅलेन्सियाला. माद्रिद सरकारने घाईघाईने वटहुकूम काढून पत्ता बदलणं सोपंही करून दिलं. कारखाने आणि शाखा जिथल्या तिथे राहिल्या. सबादेल तर २०२५ मध्ये परतही आली.

कुलकर्णी (बी-१०३): मला पुण्याहून आलं, मी फक्त पुढे ढकललं.

जाधव (डी-२०१): तेच तर 😄

नाना (ए-१०२): वंदना, आत्ताच पाहिलं. मोठं लिहितोय, चहा ठेवून वाच.

बँक पत्ता का हलवते ते आधी सांगतो. ठेवीदार घाबरतो. उद्या हा मुलूख युरोपियन युनियनच्या बाहेर गेला तर माझ्या ठेवीमागे कोण उभं राहणार, युरोपची मध्यवर्ती बँक पैसे पुरवणार की नाही, हे त्याला कळत नाही. तो रांगेत येण्याआधीच बँक कागद दुसऱ्या गावी नेते. मत मोजून होईपर्यंतही कोणी थांबत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१४ ला आरबीएस आणि लॉइड्स या दोन्ही बँकांनी स्वातंत्र्याच्या मतदानाच्या आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं की 'हो' आलं तर आमचं नोंदणीचं ठिकाण इंग्लंडमध्ये. तिथे शेवटी ५५ टक्के 'नाही' आलं, म्हणून कोणी हललं नाही.

आता तुमचा कॅनडा. १९७६ च्या नोव्हेंबरात क्वेबेक प्रांतात वेगळं व्हायचं म्हणणारा पक्ष निवडून आला, रेने लेव्हेक त्यांचे नेते. नुसती निवडणूक झाली होती, जनमत १९८० ला झालं, त्यात जवळपास ६० टक्के 'नाही' म्हणाले. पण सन लाइफ विमा कंपनीने १९७८ च्या सुरुवातीलाच टोरोंटोला जायचं जाहीर केलं. कारण दिलं फ्रेंच सक्तीच्या नव्या भाषा कायद्याचं. बँक ऑफ माँट्रियलचा कारभारही टोरोंटोतूनच चालतो, कागदावर मुख्य कचेरी अजून माँट्रियलला. आमच्या बँक ऑफ बडोदाचंही हेड ऑफिस इथे बडोद्यात अलकापुरीत आणि कारभार मुंबईत बांद्रा-कुर्ल्याहून, पण इथे कोणी घाबरून गेलं नव्हतं, मुंबईत धंदा होता म्हणून गेले.

१९९५ ला क्वेबेकमध्ये दुसऱ्यांदा मतदान झालं. 'नाही' ५०.५८ टक्के, 'हो' ४९.४२. म्हणजे गेलंच होतं हातचं. माझं मत विचारशील तर नुकसान मतदानाच्या दिवशी होत नाही. पुढची वीस वर्षं 'परत मत घेतील का' या टांगणीला जे लटकून राहावं लागतं, त्यात होतं.

सेक्रेटरी (बी-४०४): उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवणे.

सुषमामावशी (सी-१०१): 👍 नाना, तुमचं सगळं पैशापाशी येऊन थांबतं. क्वेबेकच्या लोकांना फ्रेंचमध्ये जगायचं होतं, त्यात काय चुकलं? कॅटलोनियाच्या बार्सिलोनात पोलिसांनी मतदानाला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मारलं, ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहिणार?

नाना (ए-१०२): सुषमाताई, बरोबर आहे तुमचं. आणि गंमत बघा, क्वेबेक दोन्ही वेळा हरला, पण भाषेचा तो १९७७ चा कायदा आजही आहे. स्कॉटलंडमध्येही तेच. मत हरलेल्या पक्षाने आठ महिन्यांत लंडनच्या संसदेत स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या, आणि पुढच्या वर्षी एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारच्या, हाती प्राप्तिकराचे दर ठरवण्याचे जास्त अधिकार आले. हरूनही पुष्कळ पदरात पडतं, हे मला मान्य.

ऋचा (ए-४०२): पण तिथे लंडन आणि एडिंबराचा आधी लेखी करार झाला होता, म्हणून कोणाला लाठी खावी लागली नाही. कॅटलोनियात कोर्टाने मतदानच थांबवलेलं. ९० टक्के 'हो' आलं खरं, पण मतदान जेमतेम ४३ टक्के. विरोधातले घरीच बसले. मग २७ ऑक्टोबरला घोषणा, त्याच दिवशी माद्रिदने कारभार ताब्यात घेतला, कॅटलोनियाचे नेते पुजदेमोन बेल्जियमला. बाकीच्या नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा झाल्या, २०२१ ला माफी मिळाली. इराकी कुर्दिस्तानचंही त्याच सुमारास असंच झालं. ९० टक्क्यांच्या वर 'हो', आणि तीन आठवड्यांत किर्कुकची तेलक्षेत्रं बगदादने परत घेतली.

जाधव (डी-२०१): तेलाचं नाव निघालं म्हणून येतो. मकरपुऱ्याच्या ओएनजीसीत जन्म गेला माझा.

वंदना वहिनी, अल्बर्टाचं दुखणं खोटं नाही. १९८० ला केंद्राने त्यांच्या तेलाचे भाव बांधले, तो राग अजून गेलेला नाही. प्रांताप्रांतात समतोल ठेवायला केंद्र जे पैसे वाटतं, त्यातला एक डॉलरही अल्बर्टाला १९६० च्या दशकानंतर मिळालेला नाही. पण नकाशा उघडून बघा, समुद्र कुठे आहे? एडमंटनहून किनाऱ्याला जाणारी ट्रान्स माउंटन पाइपलाइन शेजारच्या प्रांतातून जाते आणि तिची मालकी केंद्र सरकारची, २०१८ ला विकत घेतलेली. दक्षिणेला अमेरिकेत जाणाऱ्या लाइनी आहेत, पण गिऱ्हाईक एकच असलं की भाव तोच पाडतो. आजही त्यांचं जड तेल अमेरिकन तेलापेक्षा स्वस्तात जातं.

दक्षिण सुदानचं बघा. २०११ ला जवळपास ९९ टक्के 'हो'. जुन्या देशाच्या तेलातला तीन चतुर्थांश वाटा यांच्याकडे आला. पाइपलाइन मात्र उत्तरेच्या सुदानमधून पोर्ट सुदानला. भाड्यावरून वाजलं, आणि जानेवारी २०१२ मध्ये यांनी स्वतःच्याच विहिरी बंद केल्या. सव्वा वर्ष बंद! देशाचं जवळपास सगळं उत्पन्न त्यातून येत होतं. आमच्या ओएनजीसी विदेशचे पैसे तिथल्या ज्या क्षेत्रांत होते, त्यांच्यामधूनच नवी सरहद्द गेली. २०१३ च्या डिसेंबरात यादवी पेटली ती वेगळीच.

सुषमामावशी (सी-१०१): जाधव, सुदान आणि कॅनडा एका तागडीत?

जाधव (डी-२०१): यादवी नाही हो म्हणत मी, पाइप म्हणतोय. आणि भावाचं घ्या. स्कॉटलंडने हिशेब मांडला होता बॅरलला ११० डॉलर धरून. स्वतंत्र व्हायची तारीखही काढलेली, २४ मार्च २०१६. त्या वर्षी जानेवारीत भाव ३० च्या खाली! 'हो' आलं असतं तर पहिल्याच बजेटला घाम फुटला असता.

वंदना (सी-३०१): बाप रे. म्हणजे घेऊ नको म्हणू?

ऋचा (ए-४०२): काकू, थांबा. सह्या म्हणजे मतदान नाही आणि मतदान म्हणजे फारकत नाही. २०२५ मध्ये तिथल्या डॅनिएल स्मिथ सरकारने सह्यांची अट सैल केली, म्हणून गाजावाजा वाढला. पण कॅनडातच राहायचं म्हणणाऱ्यांनीही चार लाखांवर सह्या जमवल्या. शिवाय १९९५ ची धास्ती घेऊन केंद्राने २००० साली कायदा केला. प्रश्न स्पष्ट हवा, बहुमत स्पष्ट हवं, आणि दोन्ही पुरेसं स्पष्ट आहे का ते संसद ठरवणार. आकडा मुद्दाम लिहिलेला नाही. सर्बियापासून वेगळं होताना माँटेनेग्रोला निदान ५५ टक्के असं आधी सांगितलं होतं, त्यांना ५५.५ पडले. त्यात अल्बर्टातल्या आदिवासी समाजांचे ब्रिटिश राजमुकुटाशी जुने करार आहेत, ते म्हणतात आम्हाला न विचारता कुठे निघालात?

नाना (ए-१०२): आणि पेन्शन. यावर सगळ्यात जास्त भांडण होणार, लिहून ठेव. २०२३ ला अल्बर्टा सरकारने एक अहवाल आणला की देशाच्या पेन्शन निधीतला निम्म्याहून जास्त, ३३४ अब्ज डॉलर, आमचा. बाकीचे प्रांत खवळले. आमच्या घरीही हेच झालेलं. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, जनमत वगैरे कोणी घेतलं नाही. आमचे वडील संस्थानच्या नोकरीत. झेंडा कुठला यावर कोणी बोललं नाही, पेन्शन कोण देणार यावर महिनाभर चर्चा.

कुलकर्णी (बी-१०३): नोटा कुठल्या चालतील मग तिकडे? डॉलरच ना?

नाना (ए-१०२): चालवता येतील. माँटेनेग्रो युरो चालवतो, कोणाला न विचारता. पण व्याजदर ठरवणाऱ्या टेबलावर त्याला खुर्ची नाही. वंदना, निनादला धोका असलाच तर तो इथे. कॅनडात घराचं कर्ज पंचवीस वर्षांचं असलं तरी दर साधारण पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो, नंतर नवा. गोंधळ नेमका त्या वर्षी असला तर हप्ता वाढेल. घर काही कुठे पळत नाही.

वंदना (सी-३०१): त्याला फोन केला. म्हणतो, ऑफिसात यावर बोलतात, पण घरं बघायला रांग तशीच आहे. शुक्रवारपर्यंत ऑफर द्यायची आहे, देतोय.

नाना (ए-१०२): दे म्हणावं. दर पाच वर्षं फिक्स घे, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेव. नोकरी तेल कंपनीत आहे का त्याची?

वंदना (सी-३०१): हो ना.

जाधव (डी-२०१): मग सहा नको. वर्षाचे ठेव म्हणावं.