शब्दचर्चा: अवयव, विभाजक, भाजक

प्रश्न: ३,३५,५०,३३६ या संख्येला अवयव किती? एक जण २ म्हणतो, दुसरा १३, तिसरा २६. तिघेही हट्टाला पेटलेत. 'अवयव' आणि 'विभाजक' एकच ना?

उत्तर: तिघांचंही बरोबर आहे. ही संख्या म्हणजे ४०९६ × ८१९१. त्यातली ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात आणि ८१९१ ही मूळसंख्या. वेगवेगळे मूळ अवयव मोजले तर २ आणि ८१९१, दोनच. गुणाकार सगळा मांडला तर २ बारा वेळा आणि ८१९१ एकदा, म्हणून १३. निःशेष भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या मोजल्या की २६. या २६ जणांना 'विभाजक' म्हणावं आणि 'अवयव' हा शब्द अवयव पाडण्यापुरता ठेवावा, असं माझं मत.

– मत ठीक, पण '१२ चे अवयव १, २, ३, ४, ६, १२' असं सर्रास म्हटलं जातं. ते चूक कसं म्हणणार? 'मूळ अवयव' की 'सगळे अवयव' एवढं स्पष्ट केलं की भागतं.

– 'भाजक' मात्र यात मिसळू नका. याच संख्येला ७ ने भागा: भागाकार ४७,९२,९०५, बाकी १. इथे ७ भाजक आहे, विभाजक नाही. बाकी शून्य उरली तरच 'वि' लागतो.

– ८१९१ ला 'अविभाज्य संख्या' का म्हणत नाही?

– म्हणतात की. मला 'मूळ' बरा वाटतो, कारण अविभाज्य म्हटलं तरी १ ने आणि स्वतःने भाग जातोच. अर्थात 'मूळ' म्हटलं की कुणाला वर्गमूळ आठवतं, त्याला इलाज नाही. ८१९१ च्या बाबतीत ते जरा उपयोगीही पडतं: तिचं वर्गमूळ ९० च्या किंचित पुढे, त्यामुळे ८९ पर्यंतच्या मूळसंख्यांनी भागून पाहिलं की काम झालं.

– संख्या निवडली कुणी? ही पाचवी परिपूर्ण संख्या आहे (म्हणजे स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच), ६, २८, ४९६, ८१२८ यांच्या नंतरची. स्वतःला वगळून बाकीच्या २५ विभाजकांची बेरीज करा. १, २, ४ असं दुप्पट करत ४०९६ पर्यंत गेलं की बेरीज ८१९१. उरलेले विभाजक म्हणजे ८१९१ च्या १ पट, २ पट, ४ पट, असे २०४८ पटीपर्यंत. त्यांची बेरीज ८१९१ × ४०९५. दोन्ही मिळवा, ८१९१ × ४०९६. झाली तीच संख्या! इथे 'स्वतःखेरीज' हा शब्द गाळला तर बेरीज दुप्पट येते, म्हणून व्याख्या लिहिताना तो विसरू नये.

– अंकांची बेरीजही करून पाहा. २८ येते, म्हणजे पुन्हा परिपूर्णच. हा मात्र योगायोग, ८१२८ ची १९ येते.