मॅक्रोमधून आयपी ॲड्रेस बदलताना विंडोज दर वेळी अडवतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चाकण-भोसरी भागात पीएलसीच्या (कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) सर्व्हिसिंगचं काम करतो. मशीनला लॅपटॉप केबलने जोडायचा तर आधी त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मशीनच्या रेंजमध्ये आणावा लागतो. कुठे १९२.१६८.०, कुठे १९२.१६८.१, कुठे १० ने सुरू होणारी रेंज. ऑफिसात आलं की परत ऑटोमॅटिक.

यासाठी ऑटोहॉटकीत (शॉर्टकट दाबला की ठरलेली कामं करून देणारा प्रोग्रॅम) मॅक्रो लिहिला: कंट्रोल-ऑल्ट-१ दाबलं की आयपी बदलणारी नेटशेलची कमांड चालावी. साध्या अधिकारांवर ती चालतच नाही. ‘रन ॲज’ने चालवली तर यूएसीची (ॲडमिन अधिकारांसाठी परवानगी विचारणारी) खिडकी येते. त्या खिडकीवरचं ‘येस’ मॅक्रोने दाबायला गेलो, तर कळ तिथे पोहोचतच नाही. लाइन थांबलेली असते, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो, अशा वेळी हे फार जाचतं.

यूएसी बंद करा हा सल्ला कृपया नको. परक्या कारखान्यांतले पेनड्राइव्ह याच लॅपटॉपला लागतात. दुसरा रस्ता आहे का? विंडोज ११, खातं ॲडमिनचं.

प्रतिसाद १

ती खिडकी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते. तिथे कुठल्याच मॅक्रोचा हात पोहोचू नये, हाच तिचा उद्देश. तो नाद सोडा.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरवून दिलेली कामं चालवणारी सोय) प्रत्येक रेंजसाठी एक टास्क करा, ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर टिक करा, ट्रिगर (आपोआप सुरू होण्याची वेळ वगैरे) देऊ नका. मॅक्रोने फक्त ते टास्क चालवायचं. परवानगी टास्क बनवताना एकदाच लागते. कंडिशन्समधली ‘एसी पॉवर’ची टिक मात्र काढा, नाहीतर बॅटरीवर टास्क सुरूच होणार नाही.

आणि हे नक्की पाळा: टास्क जी बॅच फाइल (नेटशेलची कमांड लिहिलेली) चालवणार ती डेस्कटॉपवर ठेवू नका, प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवा. साध्या अधिकारांवर बदलता येणारी फाइल ॲडमिन म्हणून चालली, तर पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसला आयतं दार मिळेल.

धागाकर्ता

चाललं! मनापासून आभार. एक अडचण उरली आहे: पीएलसीचं सॉफ्टवेअर समोर असताना शॉर्टकट लागत नाही.

प्रतिसाद १

ते सॉफ्टवेअर ॲडमिन म्हणून चालत असणार. वरच्या अधिकाराच्या खिडकीत दाबलेल्या कळा खालच्या अधिकाराच्या प्रोग्रॅमला दिसत नाहीत. ऑटोहॉटकी इन्स्टॉल करताना ‘यूआय ॲक्सेस’चा पर्याय मिळतो, मॅक्रो त्यातून सुरू करा. मॅक्रोला ॲडमिन न करताही शॉर्टकट लागेल.